दादांनी दिलेला वकील

१

झुंबरबाई गव्हाणे शेततळ्यात पालथ्या तरंगताना प्रथम दिसल्या त्या त्यांच्या सालगड्याला. वैजनाथ बडे त्याचं नाव. तो लिंबोणीच्या बागेतून काटेकुटे न बघता धावला, दोर कमरेला बांधून तळ्यात उतरला आणि बाईंना काठावर ओढून घेतल्यावरच ओरडला. तोवर ओरडण्यात अर्थ उरला नव्हता.

कर्जतपासून आत, गव्हाणे वस्तीवर, माणसं जमली. शेततळ्याचा काळा कागद ओला झाला की शेवाळासारखा निसरडा होतो. आत गेलेला माणूस दोराशिवाय वर येत नाही. म्हातारी पाय धुवायला उतरली आणि घसरली, असं सगळे म्हणाले. पोलिसांनीही अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली. शवविच्छेदन होऊन प्रेत ताब्यात मिळालं आणि बागेच्या बांधावर अग्नी दिला गेला. मुलगा नव्हता. मुलगी स्नेहल संगमनेरला दिलेली. म्हणून पुतण्या राधाकृष्णनं पाणी पाजलं, राधाकृष्णच सरणाभोवती फिरला.

पुढे डॉक्टरांचा अहवाल आला आणि वस्तीची वाचा बसली. बाईंच्या फुप्फुसात पाणीच नव्हतं. गळ्यातलं नाजूक हाड मोडलं होतं. आधी कुणीतरी गळा दाबला होता, मग प्रेत पाण्यात टाकलं होतं.

पोलिसांना फार लांब जावं लागलं नाही. वस्तीवर बाईंशिवाय राहत होते ते फक्त वैजनाथ आणि त्याची बायको कडूबाई. कडूबाई त्या दुपारी दळण घेऊन गावात गेली होती. आणि वैजनाथच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते.

त्याला जीपमध्ये बसवताना राधाकृष्ण सगळ्यांच्या देखत पुढे झाला. "माझ्या चुलतीचं वाटोळं झालं," तो भरल्या गळ्यानं म्हणाला, "पण वैजू असं करणार नाही. त्याचा वकील मी देणार. नगरचा सगळ्यात मोठा वकील देणार."

लोकांनी हात जोडले. मेलेलीचा पुतण्या आरोपीला वकील देतो, असं मन कुणी पाहिलं होतं?

२

ॲडव्होकेट धनश्री वाकचौरे लोकअभिरक्षक कार्यालयात काम करत. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे खटले लढवायचे, पगार सरकारकडून. लोक त्यांना 'फुकटचा वकील' म्हणत आणि फुकटच्या वस्तूला जो मान असतो तोच देत.

तुरुंगाच्या भेटीत त्या नेहमीप्रमाणे विचारत होत्या, वकील आहे का, तारीख माहीत आहे का. वैजनाथची पाळी आली तेव्हा तो अदबीनं उभा राहिला.

"मला वकील हाय मॅडम. रंगनाथ वकील. लई मोठे हायेत. दादांनी दिलेत."

रंगनाथ वकिलांचं नाव जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नसे. धनश्री पुढे सरकल्या, तेवढ्यात त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, एक इचारू का? तुमी बी वकीलच, म्हनून."

"विचारा."

"पुढल्या तारखेला जज साहेब इचारतील, गुन्हा कबूल हाय का. मी हो म्हनायचं ठरलंय. रागाच्या भरात ढकललं, बाई पान्यात पडली, असं सांगायचं. पन कागदात गळा दाबला असं लिहिलंय म्हनं. जज साहेबांनी गळ्याचं इचारलं, तर काय सांगू?"

धनश्री त्याच्याकडे पाहत राहिल्या. ज्यानं गळा दाबला, त्याला गळा कसा दाबला हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

"तुम्ही ढकललं होतं का?"

त्यानं मान खाली घातली. "ठरलंय तसं."

"कुणी ठरवलं?"

"वकील साहेब म्हनले, न्हाई म्हनलास तर फाशी हाय. ढकललं म्हनलास तर थोडक्यात सुटशील. दादा म्हनले, तवर पोरांची शाळा, कडूचं खानंपिनं, समदं माझ्याकडं."

धनश्रींनी त्याचे हात पुढे करायला सांगितले. ओरखडे वाळून पांढरे पडले होते. सगळे बारीक, वेडेवाकडे, काही तळव्याच्या आत. माणसाची नखं चार-पाच रेघा शेजारीशेजारी ओढतात. हे काम लिंबोणीच्या काट्यांचं होतं.

"हे तुमच्या वकिलांनी पाहिलं?"

"ते कुठं येत्यात हितं? ते लई मोठे हायेत," वैजनाथ म्हणाला.

३

दुसऱ्या वकिलाच्या अशिलात नाक खुपसणं बरं नव्हे, हे धनश्रींना कळत होतं. पण त्याच्या बायकोशी बोलायला कुणाची बंदी नव्हती.

गव्हाणे वस्तीवर कडूबाई गोठा झाडत होती. अंगानं वाळलेली, डोळे खोल गेलेले. मूळची पाथर्डीकडची. पूर्वी दोघं नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जात. झुंबरबाईंनी त्यांना इथं ठेवून घेतलं आणि पोरांची शाळा एका जागी झाली.

"बाई मला लेकीवानी धरायची," ती म्हणाली. "तिचा गळा माझा नवरा दाबील व्हय?"

"त्या दुपारी वस्तीवर कोण येऊन गेलं?"

"मी न्हवते. ह्यो बागेत पल्याडच्या कडंला लिंबं तोडत हुता. त्याला कुनी दिसलं न्हाई."

"आणि राधाकृष्ण?"

कडूबाईनं लगेच हात जोडले. "त्यांचं नाव नका घेऊ. देवमानूस हाय. बाईला अग्नी दिला, मी पान्याची घागर घिऊन उभी हुते. सरन पेटलेलं, समदी रडत्यात, अन् त्यातबी ते माझ्याजवळ आले. म्हनले, कडू, भिऊ नको, नगरच्या रंगनाथ वकिलांशी बोललोय, वैजूला काय होऊ देनार न्हाई. सख्खा भाऊ एवढं करीना."

"नमस्कार मॅडम!"

मागून आलेल्या आवाजानं दोघी दचकल्या. राधाकृष्ण गव्हाणे उभा होता. पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध, हातात लिंबाच्या सरबताचे दोन पेले.

"उन्हाचं आलात. घ्या." तो हसला. "वैजूची केस तुमच्याकडे आली की काय? नाही, मी रंगनाथ वकिलांना दिलीय म्हणून विचारतो. गरिबाला चांगला वकील मिळू नये का? फुकटात काय मिळतं ते आपण बघतोच."

"बघतो खरं," धनश्री म्हणाल्या आणि पेला न घेताच उठल्या.

बांधापलीकडे भिमाजी भेटला. झुंबरबाईंचा शेजारी, साठीचा माणूस. त्याची मोसंबी याच शेततळ्याच्या पाण्यावर होती.

"त्या दुपारी तुम्ही रानात होता?"

"हुतो. पन मला काय ठावं न्हाई."

"मी अजून काही विचारलंच नाही."

भिमाजीनं तळ्यातून आपल्या बागेत गेलेल्या पाइपकडे पाहिलं, मग लांब उभ्या असलेल्या राधाकृष्णकडे. "पानी त्यांच्या हातात हाय ताई," तो म्हणाला आणि चालू लागला.

४

संगमनेरला स्नेहलनं दार उघडलं ते सावधपणे. नवरा दूध संघात नोकरीला. घर नीटनेटकं. आईचा फोटो अजून भिंतीवर लागला नव्हता, टेबलावर टेकवून ठेवला होता.

"वैजनाथला शिक्षा व्हावी असं वाटतं का तुम्हाला?"

"मला काहीच वाटत नाही," ती म्हणाली. "आई शेवटी शेवटी माझ्याशी बोलत नव्हती."

"का?"

स्नेहलनं पदराशी चाळा केला. "राधाकृष्णदादानं मला विचारलं होतं, आईच्या मागे तू जमिनीवरची हक्कसोड लिहून देशील ना? मी हो म्हटलं. आपल्यात बहिणी देतातच. दिवाळीला भावानं बोलवायला हवं ना. सख्खा नाही, पण माहेर म्हणून तोच उरला होता. आईला कळलं तेव्हा ती कडाडली. म्हणाली, तुला नको असेल तर मी माझ्या हातानं देईन. जो माझं उष्टं काढतो, त्याच्या नावानं तुकडा करीन. पण राधूच्या घशात घालणार नाही."

"हे राधाकृष्णला माहीत होतं?"

"मीच सांगितलं त्याला. म्हटलं, आईची समजूत काढ."

"आणि हक्कसोड?"

"दिली. तेराव्यानंतर." तिनं वर पाहिलं. "कशी नाही म्हणणार होते? माझ्या आईच्या खुन्याला वकील देण्याइतकं मोठं मन आहे त्याचं. मग मी जमिनीसाठी भांडू?"

धनश्रींच्या मनात काहीतरी अडकलं. वकील देण्याइतकं मोठं मन. हे वाक्य त्या सगळीकडे ऐकत होत्या, जीपपाशी राधाकृष्ण काय बोलला ते सांगणाऱ्या गावकऱ्यांकडून, कडूबाईकडून, आता हिच्याकडून.

परतीच्या एसटीत ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांमागे गाडी रखडली होती. धनश्री खिडकीशी बसून प्रत्येकाचं बोलणं पुन्हा मनात लावत होत्या. राहुरीच्या पुढे त्या एकदम ताठ बसल्या.

कडूबाई सरणाची गोष्ट सांगत होती, जीपची नाही.

५

कोर्टाच्या आवारातल्या आपल्या चेंबरमध्ये रंगनाथ वकील चहा पीत होते. केस पिकलेले, आवाज मधाळ.

"ये धनश्री. माझ्या अशिलाला भेटलीस असं ऐकतो."

"त्यानंच प्रश्न विचारला. तुम्ही त्याला कबूल व्हायला सांगितलंय. जे त्यानं केलं नाही ते."

"केलं-न केलं हे तुला-मला कसं ठाऊक? हातावर ओरखडे आहेत, वस्तीवर एकटा होता. लढलो तर जन्मठेप. त्यापेक्षा हे बरं."

"ओरखडे काट्यांचे आहेत. तुम्ही एकदा तुरुंगात गेला असतात तर दिसले असते."

"माझ्याकडे सूचना येतात त्या राधाकृष्णकडून." त्यांनी बशी खाली ठेवली. "कॉलेजात शिकवतात, आरोपीचा वकील. इथं कळतं, फी देणाऱ्याचा वकील. मी काही बेकायदा केलेलं नाही. उलट मी तर त्याला सांगत होतो, अरे बाबा, अजून अकस्मात मृत्यूचीच नोंद आहे, कुणावर गुन्हा नाही, आत्तापासून कसला वकील लावतोस..."

ते थांबले.

बाहेर शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता.

"काय म्हणाला तो त्यावर?" धनश्रींनी विचारलं.

रंगनाथ वकिलांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसू लागला. "म्हणाला, आज ना उद्या वैजूला लागेल." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे तू माझ्याकडून ऐकलेलं नाहीस."

"वकीलपत्र सोडा सर."

"आणि कारण काय सांगू? जिल्ह्यातले लोक उद्या माझ्याकडे येतील का?"

"तुमची साक्ष मला नको," धनश्री उठत म्हणाल्या. "तीच गोष्ट सांगणारी दुसरी एक बाई आहे. पण माझ्यासमोर आता एकच अडचण आहे. ज्याला वाचवायचंय, त्याचा विश्वास तुमच्यावर आहे."

६

आरोप निश्चितीच्या दिवशी वैजनाथला बेड्या घालून कोर्टाच्या व्हरांड्यात बसवलं होतं. शेजारी कडूबाई. राधाकृष्णनं आणलेला डबा दोघांच्या मध्ये उघडा होता.

हवालदाराची परवानगी घेऊन धनश्री समोर बसल्या.

"वैजनाथ, ऐका. पटलं नाही तर मी निघून जाईन. बाई गेल्यावर डॉक्टरांचा अहवाल येईपर्यंत सगळे काय म्हणत होते?"

"घसरून बुडाली, असं."

"तुम्हालाही तेच वाटलं?"

"व्हय. मीच काढली की तिला."

"म्हणजे तेव्हा खून झालाय हे एकाच माणसाला माहीत होतं. ज्यानं तो केला त्याला. बरोबर?"

वैजनाथनं मान हलवली.

"अपघाती मेलेल्या बाईच्या गड्याला वकील लागत नाही. मग तिचं सरण पेटलेलं असताना, कुणी संशयसुद्धा घेतला नव्हता तेव्हा, तुमच्यासाठी वकील कोण बघत होतं? प्रेत शवविच्छेदनाला गेलं तेव्हाच त्याला कळलं होतं की डॉक्टर गळा बघणार. त्याआधी त्याला एक माणूस तयार ठेवायचा होता. उपकाराखाली दबलेला, सांगेल ते कबूल करणारा. बाई तुमच्या नावानं जमिनीचा तुकडा करणार होती. ती गेली आणि तुम्ही खुनी ठरलात, की तो तुकडाही गेला. उरलेली जमीन स्नेहलताईंच्या सहीनं मिळालीच आहे."

वैजनाथ उठायला गेला, बेडी खडखडली. "खोटं हाय! दादांनी माझ्यासाठी... तुमाला केस पायजे म्हनून बोलताय तुमी!"

"काय झालं रे वैजू?"

राधाकृष्ण पायऱ्या चढून आला होता. मागे रंगनाथ वकील, काळा कोट, नजर जमिनीला. त्यांच्याही मागे भिमाजी.

कडूबाई उभी राहिली. इतका वेळ ती डब्यातल्या भाकरीकडे बघत बसली होती.

"दादा," ती म्हणाली, "सरनापाशी तुमी मला वकिलाचं बोलला. तवा माझ्या नवऱ्याकडं कुनी बोट तरी केलं हुतं का?"

"ते नंतरचं कडू. त्याला धरल्यावरचं. दुःखात तुझी गफलत झालीय."

"माझ्या हातात घागर हुती. बाईचं सरन समोर जळत हुतं. धरलं तवा मी घागर घिऊन उभी हुते व्हय?"

राधाकृष्ण हसायचा प्रयत्न करत रंगनाथ वकिलांकडे वळला. "सांगा की साहेब हिला."

रंगनाथ वकिलांनी सांगितलं नाही. नाकारलंही नाही. फक्त फाईल एका बगलेतून काढून दुसऱ्या बगलेत धरली आणि राधाकृष्णपासून एक पाऊल बाजूला सरकले. वैजनाथनं ते पाऊल पाहिलं.

आत पुकारा झाला.

न्यायाधीशांनी दोषारोप वाचून दाखवला. गळा दाबून खून, पुरावा नष्ट करण्यासाठी प्रेत पाण्यात टाकणं. "समजलं का? गुन्हा कबूल आहे?"

पिंजऱ्यात वैजनाथ खाली मान घालून उभा राहिला. इतका वेळ गेला की न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारला. मागच्या बाकावरून राधाकृष्ण खाकरला.

"साहेब," वैजनाथ म्हणाला, "मला वकील बदलायचाय."

७

त्यानंतर जे व्हायला हवं होतं ते झालं, पण ज्या गतीनं गरिबाच्या बाबतीत होतं त्या गतीनं. धनश्रींनी अर्ज दिला, पुढच्या तपासाचा हुकूम निघाला. कडूबाईचा जबाब झाला आणि घागर, सरण, वकिलाचं नाव, सगळं तिनं जसंच्या तसं सांगितलं. राधाकृष्णच्या फोनवरून रंगनाथ वकिलांना गेलेला फोन चितेच्या दिवशीचाच निघाला. राधाकृष्णला नेलं, आणि पाण्याची मोटर दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यावर भिमाजीला आठवलं की त्या दुपारी त्यानं राधाकृष्णला तळ्याच्या भरावावरून उतरताना पाहिलं होतं, विजार गुडघ्यापर्यंत ओली. झुंबरबाई जमिनीच्या कागदासाठी आपल्यालाच साक्षीला नेणार होत्या, हेही आठवलं.

"तेव्हा का नाही बोललात?" धनश्रींनी विचारलं.

"मोसंबी फुलावर हुती ताई," भिमाजी म्हणाला. त्याला ते पुरेसं कारण वाटत होतं.

वैजनाथ सुटला. कागदावर निर्दोष. पण गव्हाणे वस्तीवर त्याची खोली राधाकृष्णच्या भावकीनं पाडून टाकली होती. जमिनीच्या तुकड्याचा कागद झालाच नव्हता, त्यामुळे मागायला काही नव्हतं. स्नेहलनं हक्कसोड रद्द करायला दावा लावला. तिला माहेर आता कुठल्याच बाजूनं उरलं नव्हतं. आणि तुरुंगात गेलेल्या माणसाला गडी म्हणून कोण ठेवणार? निर्दोष सुटला हे सांगायला प्रत्येक बांधावर धनश्री जाऊ शकत नव्हत्या. दोघं नवरा-बायको पोरांना शाळेतून काढून पुन्हा कोयत्यावर गेले.

राधाकृष्णसाठी पुण्याहून वकील आला. त्याला जामीन मिळाला.

खटल्यात साक्ष द्यायला वैजनाथ कारखान्यावरून आला, तो वाळून काळा पडला होता. कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली धनश्री त्याच्याशेजारी बसल्या. राधाकृष्ण समोरून गेला, चार माणसं बरोबर. त्यानं वैजनाथकडे पाहिलंही नाही.

"भीती वाटतेय?"

"न्हाई." राधाकृष्ण गेला त्या दिशेला तो बघत होता. "मॅडम, तुमी वाचवलं मला, ते मी इसरनार न्हाई. पन एक सांगू? राग नका धरू."

"सांगा."

"जीपमदी बसवलं तवा समदं गाव बघत हुतं. कुनी तोंड उघडलं न्हाई. एकटे दादा पुढं आले. म्हनले, वैजू असं करनार न्हाई. माझ्यासाठी असं भर लोकांत कुनी बोललं नव्हतं कदी. आईबापबी न्हाई. ते खोटं हुतं, आता मला कळतंय. पन तसं खरं बोलनारा त्या दिवशी एकबी नव्हता की वो."

शिपायानं पुकारा केला, 'वैजनाथ बडे हाजिर हो,' आणि तो उठून, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत, साक्षीच्या पिंजऱ्याकडे निघाला.